टी-शर्टवरचे जालिंदरराव

"बघा वहिनी, दादा कसे उठून दिसतायत," असं म्हणून मच्छिंद्र भावजींनी माझ्या कटिंगच्या टेबलावर टी-शर्ट पसरला.

टेबलावर कदमबाईंच्या ब्लाउजचं कापड खडूनं आखून ठेवलेलं होतं. ते खाली दबलं आणि वर आले आमचे हे. गळ्यात झेंडूचा हार, पाठीमागं उगवता सूर्य. फोटो दूध संघाच्या ओळखपत्रावरचा होता, तो मी लगेच ओळखला. पण फ्लेक्सवाल्यानं मिशा काळ्याभोर केल्या होत्या, गालांना गुलाबी रंग चढवला होता आणि ओठांना चक्क लाली लावली होती. सव्वीस वर्षं संसार केला, पण इतका टवटवीत माणूस मी लग्नातसुद्धा बघितला नव्हता.

वर लिहिलं होतं, 'कै. जालिंदरदादा बोराटे स्मृती दौड'. खाली लिहिलं होतं, 'चला धावू या हृदयासाठी'.

"आता मागं बघा, मागं," भावजी म्हणाले.

मी टी-शर्ट उलटवला. पाठीवर स्वतः भावजी होते. उभे, हात जोडलेले, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. थोरल्या भावाला छातीवर वीतभर जागा मिळाली होती, धाकट्यानं अख्खी पाठ घेतली होती. त्यांच्या गुडघ्यांखाली बारीक अक्षरांत चौदा नावं होती आणि त्यांवर शब्द होता, 'शुभेच्छुक'.

"भावजी, शुभेच्छा कुणाला दिल्यात?"

"म्हणजे?"

"ही चौदा माणसं शुभेच्छुक आहेत. त्यांनी शुभेच्छा दिल्यात कुणाला? ह्यांना?"

भावजींनी जरा विचार केला. "ते असतंच की वहिनी. फ्लेक्सवाल्याकडं तसंच छापून येतं."

आमचे हे गेले त्याला तेव्हा अकरा महिने झाले होते. दूध संघात सुपरवायझर होते. छातीत कळ आली म्हणून शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घातलं आणि साताऱ्याला निघालो, तर कॅनॉलच्या पुलावर उसाचे ट्रॅक्टर अडकलेले. पाऊण तास जीप तिथंच उभी होती. त्या पाऊण तासात ते गेले. गावात हृदयाच्या पेशंटसाठी नीट गाडी असती तर वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. भावजींनी ते वाक्य उचललं, आणि ॲम्ब्युलन्ससाठी देणगी गोळा करायला म्हणून दौड ठरवली. चैत्रात नगरपालिकेची निवडणूक होती हा निव्वळ योगायोग, असं त्यांनी मला न विचारता दोनदा सांगितलं.

"तुम्ही स्टेजवर," भावजी म्हणाले. "मोतिया रंगाची साडी नेसा. डोक्यावर पदर. हातात झेंडा. शेजारी खुर्चीवर आई, तिच्या मांडीवर दादांचा फ्रेमचा फोटो. तुम्ही झेंडा दाखवला की दौड सुरू."

"मी पळणार आहे," मी म्हणाले.

भावजी हसले. मग माझ्याकडं बघून थांबले. "पळणार म्हणजे?"

"म्हणजे पाच किलोमीटर. बाकीचे पळतील तसं."

त्यांना माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. हे गेल्यावर चार महिन्यांनी मला साखर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पहाटे उठून मी कॅनॉलच्या रस्त्यानं चालायला लागले. एके दिवशी एक कुत्रं मागं लागलं. मी निऱ्या वर धरल्या आणि पळाले. कुत्रं कंटाळून परत गेलं, मी मात्र पळतच राहिले, पार पंपहाऊसपर्यंत. तिथं कठड्याला टेकून धापा टाकत उभी राहिले तर मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही, आणि ही बाई पहाटेच्या गारव्यात आनंदानं घामाघूम झालीय. पण दुसऱ्या दिवशी परत गेले. सात महिन्यांत मी न थांबता पाच किलोमीटरपर्यंत पोचले होते, आणि एकदा तरी चारचौघांत, उजेडात पळून बघायचं होतं. ह्यांच्या नावानं पळायचं तर मीच पळायला नको का, असंही वाटत होतं.

भावजींनी बराच वेळ मान हलवली. शेवटी त्यांनी तोड काढली. "असं करू. झेंडा दाखवा, आणि शेवटचे शंभर मीटर पळा. फोटोपुरतं. साडीवरनं टी-शर्ट घाला, म्हणजे झालं."

साडीवरनं टी-शर्ट हा आमच्याकडं सर्वमान्य पोशाख आहे. कुठलीही दौड, रॅली, स्वच्छता मोहीम असू दे, बायकांना साडीवर टी-शर्ट चढवला की समाज पुढं गेला. आत ब्लाउज, वर टी-शर्ट, मधनं पदर कुठून काढायचा ते कुणालाच ठाऊक नाही. भावजींच्या पत्रकात मात्र छापलं होतं, 'सुटसुटीत व आरामशीर कपडे घालून यावे'. ते पुण्याच्या कुठल्या तरी दौडीच्या पत्रकावरनं उतरवून घेतलं असणार.

मी टी-शर्ट ठेवून घेतला. दुसरा भावजींनी आत्यांना दिला. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. आत्यांनी तो दोन्ही हातांवर घेतला, पोराचं तोंड वर येईल अशी घडी घातली आणि देव्हाऱ्याच्या शेजारच्या फळीवर ठेवला. रोज देवांची पूजा झाली की एक फूल त्यालाही वाहायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माझा टी-शर्ट घालून पळायला गेले. खोटं कशाला बोलू, मला तो घालायचा होता. खाली जुनी सलवार, वर टी-शर्ट. ब्लाउज शिवण्यात माझी वीस वर्षं गेलीत, कापड अंगाला काय करतं ते मला हात लावल्यावर कळतं. हे कापड घाम टिपणारं नव्हतं. त्यातून छातीवरचं चित्र म्हणजे प्लास्टिकचा थापा, हाताला रेक्झिनसारखा लागणारा. पंधरा मिनिटांत आत घामाचं तळं झालं आणि आमचे हे मला चिकटले. जिवंतपणी सव्वीस वर्षांत इतके कधी चिकटले नव्हते. पंपहाऊसला पोचेपर्यंत थाप्याची कड काचून काचून कातडी सोलवटली. घरी येऊन खोबरेल लावलं आणि ठरवलं की हे आपल्याच्यानं होणार नाही.

मग मी माझं शिवायला घेतलं.

शाळेच्या क्रीडा दिनाचे गणवेश त्या साली माझ्याकडं होते. त्यातलं होजिअरीचं कापड उरलं होतं, बनियनसारखं मऊ आणि ताणलं जाणारं. रंग पोपटी. आता लोक म्हणतात की हेमाताईंनी मुद्दाम पोपटी रंग निवडला, समाजाला उत्तर दिलं. उत्तर वगैरे काही नाही, तेवढंच कापड शिल्लक होतं. निळं असतं तर निळं शिवलं असतं.

सदऱ्याची बाही मी जरा खाली घेतली, काखेत ढिलाई दिली. लांबी मांडीपर्यंत ठेवली, कारण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मला कुणाला काही दाखवायचं नव्हतं. खाली गडद निळी पँट, कमरेला नाडी नको म्हणून रुंद इलॅस्टिक. आतल्या कपड्यांचं इथं सांगत नाही, पण सगळ्यात जास्त डोकं मी तिथंच चालवलं. आणि मुख्य म्हणजे शिवण मी बाहेरच्या बाजूला घेतली. पळताना माणसाला काचते ती शिवण, कापड नव्हे. शिवण बाहेर काढली की आत सगळं गुळगुळीत. पहाटे घालून बघितलं. पंपहाऊस कधी आलं ते कळलंच नाही.

त्याच दुपारी धाकटी जाऊ वैजयंता ब्लाउजचं माप द्यायला आली. सदरा मशिनवर पडला होता.

"ताई, हे कुणाच्या पोरीचं?"

"माझं आहे."

"तुमचं?" तिनं तो दोन बोटांनी उचलला. "हे तर पोपटी आहे."

"हो. दौडीला घालायचाय."

वैजयंतानं चहा घेतला, बिस्किट घेतलं, माप न देताच गेली. मी कप विसळून ठेवते तोवर बाहेर भावजींची बुलेट थांबली.

"वहिनी, समाजात माणसाची एक इमेज असते," भावजी उभ्या उभ्याच म्हणाले.

"कुणाची?"

"तुमची."

"मला ठाऊक नव्हतं."

"आहे. लोकांच्या मनात तुमच्याविषयी सहानुभूती आहे. आता उद्या तुम्ही हे पोपटी घालून..." पुढं काय ते त्यांना सुचेना. "दादांचा फोटो छातीवर नाही म्हटल्यावर लोक काय अर्थ काढतील? दोनशे लोक दादांना छातीवर घेऊन पळणार, आणि घरचीच बाई तेवढी..."

"भावजी, तो फोटो काचतो."

"काचतो?"

"हो. काखेच्या खाली. सोलवटलंय मला."

आता दिराला ह्याच्यापुढं काय सांगणार? भावजी लाल झाले, वर छताकडं बघायला लागले. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं. "मला काय करायचंय. पण आईला काय वाटेल त्याचा विचार करा."

आई तिथंच होती. दुकानाच्या मागं आमच्या दोन खोल्या, मधे पडदा. पडदा सरला आणि आत्या बाहेर आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, हातात वाती वळायचा कापूस. त्यांनी पोपटी सदरा बघितला, माझ्याकडं बघितलं.

"जालूचं तोंड नको झालं व्हय गं तुला?"

"आत्या, तसं नाही. ते कापड टोचतं."

"टोचतं," आत्या म्हणाल्या. तेवढंच म्हणाल्या आणि पडद्याआड गेल्या. त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

भावजी रागावले असते तर मी मजेत राहिले असते. गावानं तोंडं वाकडी केली असती तरी ब्लाउज शिवायला माझ्याचकडं आले असते. पण आत्या बोलत नाहीत म्हणजे माझं घरच बोलायचं थांबलं. मुलगी लग्न होऊन नाशिकला. दोन खोल्यांत आम्ही दोघीच. ह्यांच्या मागं आम्ही दोघी एकमेकींच्या आधारानंच उठत-बसत होतो. मी रडले नाही की आत्यांनी रडावं, आत्या जेवल्या नाहीत की मी ताट वाढून बसावं, असं चाललेलं. आता त्या माझ्यासमोर चहाचा कप ठेवायच्या आणि भिंतीकडं बघायच्या. मी विचारलं की मान हलवायच्या. देव्हाऱ्याशेजारच्या टी-शर्टला मात्र रोज फूल. मला वाटलं, हे पळणं गेलं खड्ड्यात. आत्यांना गमावून मला कुठं पोचायचंय?

दौडीच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान बंद केलं, मोतिया साडी नेसले, वरनं तो टी-शर्ट चढवला आणि गिऱ्हाइकांच्या आरशासमोर उभी राहिले. पुढनं नवरा, पाठीवर दीर, खाली चौदा शुभेच्छुक. मी कुठंच नव्हते. चौकातला विजेचा खांब असतो ना, कुणीही यावं आणि फ्लेक्स बांधून जावं, तशी दिसत होते. मी ते सगळं उतरवलं.

आत गेले. आत्या परातीत तांदूळ निवडत होत्या.

"आत्या, मी उद्या माझ्याच कपड्यांत पळणार आहे. तुम्हाला न सांगता करणार नाही, म्हणून सांगतेय."

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. मान वर केली नाही.

दौड मार्केट यार्डाच्या मैदानावरनं सुटायची होती. सकाळी सातला मी पोचले तर समोर दोनशे जालिंदर. मला हसावं की काय करावं ते कळेना. आमचे हे अंगानं काटकुळे. पण बाजार समितीच्या संचालकांच्या पोटावर ते गरगरीत झाले होते, गाल दोन्ही बाजूंना ताणलेले. शिक्षक कॉलनीतल्या बारक्या मास्तरांच्या छातीवर घडी पडून त्यांचा एक डोळा नाहीसा झाला होता. साडीवाल्या बायकांच्या अंगावर ते पदराच्या फुगवट्यानं तिरके झाले होते. व्यायामाला म्हणून आलेली निम्मी मंडळी तंबाखू मळत उभी होती.

स्टेजवर आत्या बसल्या होत्या, सुती लुगड्यात, मांडीवर फ्रेमचा फोटो उभा धरून. माझ्या पोपटी सदऱ्याकडं त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं. झेंडा भावजींनी वैजयंताच्या हातात दिला होता. मोतिया साडी तिनंच नेसली होती.

"वहिनी," बाजार समितीचे संचालक हळूच जवळ येऊन म्हणाले, "सदरा उलटा घातलाय तुम्ही."

"उलटा नाही. शिवण बाहेर आहे."

"असं व्हय. दुःखात माणसाचं होतं असं."

तेवढ्यात झेंडा पडला आणि मी पळायला लागले.

पहिल्या अर्ध्या किलोमीटरमध्ये लोक सिनेमा सुटल्यासारखे पळाले. मग थांबले. चौकातल्या रसाच्या गुऱ्हाळापाशी साडीवाल्या बायकांची दौड संपली. पुढं पुरुष गळायला लागले. मी माझ्या चालीनं चालले होते. मला ना काचत होतं, ना टोचत होतं, ना सरळ करायला काही होतं. दोन ठिकाणी कुणी तरी ओरडून सांगितलं की वहिनी, उलटं घातलंय. एका ठिकाणी मी म्हणाले, माहीत आहे.

बाकीच्यांना मात्र घाम आवरेना, आणि रुमाल कुणाकडंच नव्हता. मग एकानं छातीवरचा टी-शर्ट वर ओढला आणि तोंड पुसलं. दुसऱ्यानं मान पुसली. तिसऱ्यानं तर शेंबूड. सगळं त्या फोटोनं. एका तरुणानं टी-शर्ट काढून डोक्याला गुंडाळला होता, कपाळावर नेमकी मिशी आली होती. मी बघत होते आणि पळत होते. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग नाही वाटली.

कॅनॉलचा पूल आला. त्या दिवशी उसाचे ट्रॅक्टर नव्हते, पूल मोकळा होता. तो ओलांडायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. जीप अडकली तेव्हा तिथंच ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ते म्हणाले होते, हेमा, जरा उतरून बघ की गाडी का थांबलीय. मी उतरून बघायला गेले आणि परत आले तर ते गेले होते. पूल मागं पडला तेव्हा मला रडू आलं. मी थांबले नाही, पळत पळतच रडले. वाऱ्यानं सगळं वाळून गेलं.

ती ॲम्ब्युलन्स पुढं दीड वर्षानं आली, हेही सांगून टाकते. तिच्यावर कुणाचा फोटो आहे ते सांगायला नको.

मी मैदानावर पोचले तेव्हा शेवटच्या रेषेपाशी कुणीच नव्हतं. सगळे पोह्यांच्या टेबलापाशी होते. प्रमुख पाहुणे उशिरा आले होते आणि स्टेजवर त्यांच्या स्वागताची धांदल होती. पाहुण्यांच्या खुर्चीवर धूळ बसली होती. भावजींचा बबन नावाचा कार्यकर्ता इकडं तिकडं बघायला लागला. कोपऱ्यात उरलेल्या टी-शर्टांचा गठ्ठा होता. त्यातला एक त्यानं ओढला, त्याचा बोळा केला आणि खुर्ची पुसायला घेतली. आधी बैठक, मग पाठ, मग हात. चांगली घसघशीत पुसली. मग पाहुण्यांच्या बुटांवर माती दिसली म्हणून खाली वाकला.

आत्या शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांनी मांडीवरची फ्रेम टेबलावर ठेवली आणि उठल्या.

"आण हिकडं," त्या बबनला म्हणाल्या.

"काय आज्जी?"

"माझं पोरगं आण हिकडं."

बबननं हातातल्या बोळ्याकडं बघितलं. तेव्हा कुठं त्याला दिसलं की आपण कशानं पुसतोय. त्यानं तो झटकून दिला. आत्यांनी घेतला, लेकरू घ्यावं तसा खांद्यावर टाकला, आणि म्हणाल्या, "तुझ्या अंगावरचा."

"आज्जी, आत काही घातलं नाही."

"नसू दे. काढ."

त्यानं काढला. मग आत्या पायऱ्या उतरून खाली आल्या आणि पोह्यांच्या टेबलाकडं वळल्या. पोहे खाऊन लोक छातीवरच्या टी-शर्टाला हात पुसत होते. ह्यांच्या तोंडाला हळद लागली होती, तेल लागलं होतं, एकाच्या गालावर मोहरी चिकटली होती.

"काढा," आत्या म्हणाल्या.

कुणी हललं नाही. संचालक प्लेट हातात धरून म्हणाले, "मावशी, आम्ही दादांच्या प्रेमापोटी घातलाय."

"पिरेमापोटी हात पुसतूस व्हय रं त्याच्या तोंडाला? उद्या ह्यानं गाडी पुसशील, परवा तुझी बायको फरशी पुसंल. काढ."

त्यांनी प्लेट खाली ठेवली आणि काढला. ते पोट आमच्या गावानं पहिल्यांदाच उघडं बघितलं असेल. मग एकेक जण काढायला लागला. बायकांचं सोपं होतं, आत सगळंच होतं. डोक्यावरनं ओढला की झालं, अंबाडे तेवढे सुटले. मागच्या मागं काही जण मोटारसायकलींवरनं पसार झाले. तरी शंभरावर गोळा झाले असतील. आत्यांच्या हातांत मावेनात तेव्हा मी पुढं झाले आणि पोह्यांचं रिकामं पोतं धरलं. त्या भरत गेल्या, माझ्याकडं न बघता.

भावजींनी माईक घेतला. "बंधूंनो, आईला भावना अनावर झाल्या आहेत. एका माउलीचं हृदय..."

"मच्छिंद्रा," आत्या खालनं म्हणाल्या, "तू बी."

"आई, पाहुणे आहेत."

"असू द्यात. तुझं थोबाड तू ठेव. पुढचं माझं मला दे."

पुढचं आणि मागचं वेगळं करायची सोय नव्हती. भावजींनी टी-शर्ट काढला. आत बनियन होतं, त्याला खांद्यापाशी तीन भोकं, एक बगलेत. फोटोवाल्यांनी फोटो घेतले. तो फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात आला आणि लोक म्हणाले, बघा, एवढा मोठा माणूस पण फाटकं बनियन, किती साधा आहे. त्या फोटोवर भावजी निवडून आले. साडेतीनशे मतांनी.

पोतं तोंड बांधून आम्ही रिक्षात घातलं. अजून ते माळ्यावर आहे. रिक्षात आत्या एका कडेला बसल्या, मी दुसऱ्या कडेला, मधे पोतं. त्याला शंभर माणसांच्या घामाचा आणि पोह्यांचा वास येत होता. मला वाटलं, आता मला ऐकवतील. ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

बाहेर बघतच त्या म्हणाल्या, "तू न्हवतं घातलंस ते बरं केलंस."

चार दिवसांनी त्या माझ्याशी बोलत होत्या.

"हेमे, एक इचारू?"

"विचारा की."

"ह्ये येवढी तोंडं बघितली सकाळधरनं. लाल ओठाची. आता डोळं मिटलं तरी त्येच दिसतंय. माझ्या जालूचं खरं तोंड मला आठवंना झालंय गं. तुला आठवतंय का त्याचं? खरं?"

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "आठवतंय, आत्या. लख्ख आठवतंय."

मग घरापर्यंत मी त्यांना सांगत गेले. दाढी करताना गाल कसा फुगवायचे, हसताना डावी भुवई कशी वर जायची, झोपले की तोंड कसं उघडं राहायचं. आत्या मान डोलवत होत्या, होय होय म्हणत होत्या. शेवटी त्या हसल्यासुद्धा.

त्यातलं काही मला दिसत नव्हतं. मी नुसते शब्द सांगत होते. माझ्याही डोळ्यांपुढं तोच एक गुलाबी गालांचा माणूस होता, झेंडूच्या हारातला, आणि त्याच्यामागं सूर्य उगवत होता. ह्यांचं खरं तोंड मला परत आठवायला वर्ष गेलं, आणि ते तेव्हासुद्धा पुरतं आलं नाही. आत्यांना हे मी त्या असेपर्यंत सांगितलं नाही. गेल्या वैशाखात त्या गेल्या, म्हणून आता सांगतेय.